नाताळचे बिशप कोलेन्सो



दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नाताळ नांवाचा एक मुलूख आहे. वास्को द गामा १४९७ सालच्या नाताळच्या सणांत त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून त्यास हें नांव पडलें. १९९४ सालापासून त्या प्रांताला क्वाझुलु-नाताळ असें म्हणतात. तेथें तुगेला नदीच्या कांठीं कोलेन्सो म्हणून एक लहानसें गांव आहे. १५ डिसेंबर १८९९ रोजीं ह्या गांवापाशीं इंग्रज व बोअर ह्यांची लढाई होऊन इंग्रज सेनापति बुलर ह्याचा पराभव झाला. त्या प्रसंगीं जखमी शिपायांच्या डोल्या वाहून नेण्यासाठीं नाताळांतील हिंदी लोकांचें जें पथक गेलें होतें, त्याचे पुढारी बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी हे होते. महात्माजींचें चरित्र वाचणारांस कोलेन्सो हें नांव एवढ्यापुरतेंच परिचित असतें. परंतु तें नांव ज्या पुरुषावरून पडलें, ते जॉन विल्यम कोलेन्सो हे केंब्रिज विद्यापीठाचे नाणावलेले गणिती व इंग्लंडच्या धर्मसंस्थेचे बिशप होते. आणि त्यांच्याच धर्मबंधूंनीं त्यांना पाखंडी ठरवून बहिष्कृत केलें होतें. अशा ह्या गृहस्थांचें चरित्र आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कोलेन्सो ह्यांचा जन्म २४ जानेवारी १८१४ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांतील सेंट ऑस्टेल ह्या गांवीं झाला. हा मुलूख कथलाच्या खाणींचा. वडिलांनीं आपली पुंजी अशाच एका खाणींत घातली होती. तींत समुद्राचें पाणी शिरलें आणि सर्व बुडालें. मुलाला शिकण्याची हौस मोठी, पण घरीं पैसा नाहीं. तेव्हां त्यांनीं डार्टमथ येथील एका शाळेंत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली, स्वतःचा अभ्यास चालू ठेविला, आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गरीब विद्यार्थ्यांना कमी खर्चांत ठेवून घेण्याची जी सोय असे, तिच्या आधारें प्रवेश मिळविला. १८३६ सालच्या गणिताच्या परीक्षेंत ते दुसरे रँग्लर झाले आणि पुढच्या वर्षीं त्यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली. रँग्लर ह्या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रांत सांगण्याचें कारण नाहीं. आपले रघुनाथराव परांजपे १८९९ सालीं ज्या कॉलेजांतून सीनियर रँग्लर झाले, तेंच हें सेंट जॉन्स कॉलेज.

पुढें हॅरो येथील प्रसिद्ध शाळेंत गणिताचे शिक्षक म्हणून ते गेले. तेथें त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला आग लागली, शाळेचीहि त्या काळीं उतरती कळा होती, आणि चार वर्षांनीं ते केंब्रिजला परतले ते डोक्यावर हजारों पौंडांचें कर्ज घेऊन. हें कर्ज त्यांनीं कशानें फेडावें? शालेय पुस्तकें लिहून! त्यांचें बीजगणित व अंकगणित इंग्लंडांतील शाळाशाळांतून चालूं लागलें. अंकगणिताचे हक्क लाँगमन्स ह्या प्रकाशकांनीं २,४०० पौंडांस विकत घेतले. क्रमिक पुस्तक लिहून एवढें ऋण फेडणारा शिक्षक मला तरी दुसरा ठाऊक नाहीं.

मीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें, म्हणून एक गोष्ट येथेंच नमूद करून ठेवतों. गणिताच्या शिक्षकाला एक खोड जडते. उत्तर आलें एवढ्यावर त्याचें समाधान होत नाहीं. तो ताळा करून पाहतो. मग तें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असो किंवा खुद्द हेडमास्तरांनीं सांगितलेलें असो. ही खोड कोलेन्सो ह्यांनीं बिशपचा झगा अंगावर चढविल्यावरहि टाकली नाहीं, आणि त्यांच्या आयुष्यांतील पुढचें सारें नाट्य तिच्यांतूनच निर्माण झालें.

१८४६ सालीं त्यांनीं विवाह केला, कॉलेज सोडलें व नॉरफोक परगण्यांतील एका खेड्यांत धर्मोपदेशकाची वृत्ति पत्करली. सात वर्षांनीं, १८५३ च्या नोव्हेंबरांत, नव्यानेंच निर्माण केलेल्या नाताळच्या पीठावर पहिले बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला. नाताळ ही त्या वेळीं इंग्रजांची वसाहत होती. गोरे मूठभर आणि काळे त्यांच्या अनेक पट. उत्तरेस तुगेलापलीकडे झुलु राजाचें स्वतंत्र राज्य होतें. १८५४ सालीं दहा आठवडे फिरून त्यांनीं हा प्रदेश पाहिला व दुसऱ्या वर्षीं बायकामुलांसह तेथें वास्तव्य केलें. राजधानी पीटरमॅरित्झबर्ग, तिच्याजवळ त्यांनीं आपलें ठाणें वसविलें आणि त्याला झुलु भाषेंतच ‘एकुखान्येनी’, म्हणजे प्रकाशाचें स्थान, असें नांव दिलें. तेथें शाळा होती, शेती होती, आणि एक छापखाना होता. छापखान्यांत खिळे जुळविणारीं मुलें झुलु होतीं. ह्या छापखान्याची आठवण असूं द्यावी. तो पुढें फार उपयोगीं पडला.

कोलेन्सो झुलु भाषा शिकले ती व्याकरण लिहिण्याइतकी. १८६१ सालीं त्यांचा झुलु-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. बायबलाचें भाषांतरहि सुरू होतें. एका बाबतींत मात्र ते इतर मिशनऱ्यांपेक्षां निराळे निघाले. झुलु पुरुषाला अनेक स्त्रिया असत. असा पुरुष ख्रिस्ती होऊं लागला कीं एक बायको ठेवून बाकीच्यांना घालवून द्यावें, असा मिशनचा नियम. कोलेन्सो म्हणत कीं, बहुपत्नीकत्व वाईट खरें, पण एका पुरुषाच्या तारणासाठीं निरपराध स्त्रिया आणि त्यांचीं लेंकरें रस्त्यावर टाकणें हें त्याहून वाईट. नवा धर्म घेणारानें नवीन बायका करूं नयेत. ज्या आहेत त्यांना सांभाळावें. ह्या मताबद्दल त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. आमच्या मतें मात्र ह्या वादांत न्यायाची बाजू त्यांचीच होती.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. भाषांतराच्या कामांत विल्यम न्गिदी नांवाचा एक झुलु ख्रिस्ती त्यांचा साहाय्यक होता. माणूस शांत, विचारी. उत्पत्तीच्या पुस्तकांतील जलप्रलयाची कथा भाषांतरास आली. सर्व पृथ्वी पाण्याखालीं गेली, आणि नोहाच्या तारवांत प्रत्येक जातीच्या प्राण्यांचीं जोडपीं येऊन राहिलीं. ऐकतां ऐकतां न्गिदीनें विचारलें कीं, हें सगळें खरें आहे काय? पशु, पक्षी, सरपटणारे जीव, उष्ण प्रदेशांतले आणि थंड प्रदेशांतले, असे सारे दोन दोन करून खरोखरच त्या तारवांत आले, आणि नोहानें त्या सर्वांना, मांसाहारी श्वापदांनाहि, खायला घातलें, असें आपण मानतां काय?

प्रश्न साधा होता. शाळेंतला कोणताहि चौकस मुलगा तो विचारील, आणि शिक्षकानें ‘पुढें चल’ म्हटलें कीं गप्प बसेल. परंतु कोलेन्सो ह्यांना ‘पुढें चल’ म्हणवेना. त्यांनीं भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला होता. फ्रान्समधील ओव्हर्न प्रांतांतील जुन्या ज्वालामुखींवर हलक्या राखेचे व सच्छिद्र दगडांचे थर अद्याप जसेच्या तसे आहेत, ते जगभर झालेल्या प्रलयांत धुवून गेल्यावांचून राहिले नसते, हें ते जाणून होते. म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक होतें. तें उच्चारण्याचा धीर तेवढा करावयाचा होता. देवाच्या नांवानें असत्य बोलावें काय, ह्या बायबलांतल्याच वचनानें त्यांचें मन अडलें. आणखी एका ठिकाणीं न्गिदी असाच थबकला होता. मोशेच्या नियमशास्त्रांत असें आहे कीं, धन्यानें दासाला मारलें आणि तो दास एकदोन दिवस जगून मग मेला, तर धन्याला शासन नाहीं. कारण दास हें त्याचें धन होय. दयाळु देव असें बोलेल हें त्या झुलु माणसाला पटेना. त्याचा तो उद्वेग आपण कधीं विसरणार नाहीं, असें बिशपनीं लिहून ठेविलें आहे.

मग ते ताळा पाहावयास बसले. जर्मन पंडितांचे ग्रंथ मागविले, आणि १८६२ च्या ऑक्टोबरांत मोशेच्या पंचग्रंथाची व यहोशवाच्या पुस्तकाची चिकित्सा करणाऱ्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग लंडन येथें प्रसिद्ध झाला. एकंदर सात भाग निघाले. शेवटचा १८७९ सालीं.

पहिला भाग म्हणजे जवळ जवळ अंकगणिताचेंच पुस्तक आहे. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांत वीस वर्षांवरील लढाऊ पुरुष ६,०३,५५० होते, असें मूळ ग्रंथांत दिलें आहे. म्हणजे बायकामुलें धरून वीस लाखांची वस्ती झाली. आतां अमुक दिवशीं सर्व मंडळी सभामंडपाच्या दाराशीं जमली असें वर्णन आहे. मंडपाची रुंदी दहा हात, म्हणजे सुमारें अठरा फूट. तेवढ्या जागेंत नऊ माणसें एका रांगेंत उभीं राहतील. दोन रांगांत दीड फूट अंतर धरलें आणि नुसते लढाऊ पुरुषच उभे केले, तरी ६७,००० रांगा होतात आणि शेवटची रांग दारापासून १९ मैलांवर जाते. श्रोत्यांनीं पाटीवर करून पाहावें. उत्तर बरोबर येतें.

दुसरें उदाहरण. प्रथम जन्मलेल्या मुलग्यांची संख्या २२,२७३ दिली आहे. लहानथोर मिळून पुरुषजात सुमारें ९ लाख धरली, तर भागाकार चाळीस येतो; म्हणजे प्रत्येक मातेला सरासरीनें चाळीस मुलगे, मुली वेगळ्याच! तिसरें उदाहरण याजकांचें. एवढ्या वस्तींत रोज अदमासें २५० बाळंतपणें होणार. प्रत्येकीमागें दोन बळी अर्पावयाचे. एका बळीला पांच मिनिटें लागलीं, तरी २,५०० मिनिटें, म्हणजे जवळ जवळ ४२ तास होतात. आणि हें करणारे याजक किती? अहरोन आणि त्याचे दोन पुत्र, असे तिघे.

ह्या हिशेबांनीं इंग्लंडांत हलकल्लोळ माजला. पाखंडी लेखक पूर्वींहि झाले होते. पण इंग्लंडच्या राणीनें नेमलेला बिशपच असें लिहितो, हें अघटित होतें. आर्चबिशपांच्या धर्मसभेनें १८६३ सालीं ग्रंथाचा निषेध केला. बहुतेक बिशपांनीं त्यांना राजीनामा देण्यास सुचविलें. जिवलग स्नेही, विख्यात धर्मपंडित फ्रेडरिक मॉरिस, तेहि दुरावले. कवि व टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड हे कांहीं सनातनी नव्हते. परंतु त्यांनींहि १८६३ च्या जानेवारींत एक कडक लेख लिहिला. त्यांचा रोख असा कीं, विद्वानांना ह्यांत नवें कांहीं नाहीं आणि अडाण्यांना ह्यापासून कांहीं लाभ नाहीं.

अर्नोल्ड ह्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. प्राचीन ग्रंथ गजानें मोजावयाचे नसतात. रामाच्या सैन्यांतील वानरांची गणती करून सेतूवर ते किती रांगांनीं गेले असतील असें कोणी विचारूं लागला, तर आपणहि हंसूं. कोलेन्सो ह्यांना काव्याचा कान थोडा कमीच होता. परंतु लंडनच्या वाचकाला काय वाटेल हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हताच. त्यांच्यापुढें न्गिदी बसला होता. आणि अक्षर न् अक्षर सत्य मानलें पाहिजे, न मानशील तर अनंत काळ नरकांत पडशील, असें त्याला मिशनरी सांगत होते. अशा माणसाला काव्य आणि इतिहास ह्यांतला भेद समजावून सांगण्याऐवजीं अर्नोल्डसाहेबांनीं त्याला काय उत्तर दिलें असतें, हें त्यांच्या लेखांत आढळत नाहीं. शिवाय पुढच्या भागांत कोलेन्सो नुसते हिशेब करीत राहिले नाहींत. निरनिराळ्या काळच्या लेखकांचे हात ह्या ग्रंथांत कसे ओळखावयाचे, ह्याची त्यांनीं बारकाईनें छाननी केली. आणि लायडन विद्यापीठाचे मोठे पंडित कुएनेन ह्यांनीं आपल्या विचाराला त्यांच्या ग्रंथानें वळण दिलें, हें मोकळेपणीं मान्य केलें.

केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे हे स्वतःला कोलेन्सो ह्यांचे वरिष्ठ समजत. त्यांनीं १८६३ च्या अखेरीस धर्मन्यायसभा भरविली व कोलेन्सो ह्यांना पाखंडाबद्दल पदच्युत केलें. कोलेन्सो तेथें हजरच झाले नाहींत. त्यांनीं प्रिव्ही कौन्सिलाकडे दाद मागितली. ताई महाराज प्रकरणांत लोकमान्य टिळकांना १९१५ सालीं अखेरचा न्याय जेथें मिळाला, तेंच हें न्यायासन. १८६५ च्या मार्चांत निकाल लागला: जेथें वसाहतीचें स्वतःचें विधिमंडळ आहे, तेथें नुसत्या राजपत्रानें एका बिशपला दुसऱ्यावर असा अधिकार देतां येत नाहीं, सबब ग्रे ह्यांचा निवाडा कायद्यानें शून्य. पाखंड होतें कीं नव्हतें, ह्याला कोर्टानें स्पर्शहि केला नाहीं. तेव्हां ग्रे ह्यांनीं १८६६ सालीं बहिष्काराचें शस्त्र उपसलें, आणि १८६९ सालीं मॅक्रोरी नांवाच्या दुसऱ्या बिशपची स्थापना केली. एका गादीवर दोन महंत बसण्याचे प्रसंग आपल्याकडेहि घडतात. पीटरमॅरित्झबर्गसारख्या छोट्या गांवांत दोन बिशप, दोन देवळें आणि दोन पक्ष असा संसार पुढें वर्षानुवर्षें चालला. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लँबेथ परिषद १८६७ सालीं भरली, तिलाहि हा तंटा बऱ्याच अंशीं कारण झाला.

बहुतेक चरित्रलेख येथेंच संपतात. मला मात्र ह्या पुढील दहा वर्षांतील कोलेन्सो अधिक मोठे वाटतात.

ड्राकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याशीं ह्लुबी जमातीचा लांगालिबालेले नांवाचा नाईक राहत असे. त्याच्या जमातीचे तरुण हिऱ्यांच्या खाणींत मजुरी करीत व मजुरीच्या पैशांत बंदुका घेऊन येत. सरकारनें फर्मावलें कीं ह्या बंदुका नोंदवा. नाईकानें दिरंगाई केली. राजधानीस हजर होण्याचा हुकूम सुटला. तो गेला नाहीं, आणि १८७३ च्या अखेरीस आपले लोक व गुरें घेऊन पर्वत ओलांडून पळाला. घाटांत चकमक उडून सरकारी पथकांतील पांच माणसें पडलीं. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्लुबींचीं घरें जाळलीं, गुरें लुटलीं, जमीन जप्त केली. नाईकाला पकडून १८७४ च्या आरंभीं त्याच्यावर खटला भरला. न्यायाधीश खुद्द लेफ्टनंट गव्हर्नर पाइन आणि देशी लोकांच्या खात्याचे प्रमुख थिओफिलस शेपस्टन, फिर्यादी शेपस्टन ह्यांचे बंधु जॉन, आणि आरोपीला वकील देण्याची मनाई! शिक्षा झाली ती जन्मठेपेची, काळें पाणी रॉबेन बेटाचें.

थिओफिलस शेपस्टन हे कोलेन्सो ह्यांचे वीस वर्षांचे जिवाभावाचे मित्र. परंतु बिशपनीं खटल्याची कागदपत्रें पाहिलीं आणि जुनी खोड जागी झाली. सरकारी जासुदाची साक्ष अशी होती कीं, नाईकानें अंगावरचे सर्व कपडे उतरावयास लावून सरकारची बेअदबी केली. कोलेन्सो ह्यांनीं झुलु भाषा जाणत असल्यामुळें साक्षीदारांना एकेकटें गांठून विचारलें. निष्पन्न असें झालें कीं, जासुदाचा फक्त वरचा अंगरखा काढविला होता. आणि तो कां? पूर्वीं, १८५८ सालीं, मात्याना नांवाच्या दुसऱ्या एका नाईकाला बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून, लपविलेल्या हत्यारांच्या जोरावर पकडण्याचा बेत सरकारी अंमलदारानें केला होता. त्या दग्याची धास्ती ह्लुबींच्या मनांत होती. तो अंमलदार म्हणजे दुसरा कोणी नसून हेच फिर्यादी जॉन शेपस्टन!

ताळा मिळेना, म्हणजे गणित चुकलें. मग तें मित्राचें कां असेना. मित्राशीं कायमचें वैर आलें. धर्माच्या भांडणांत जे गोरे लोक त्यांच्या बाजूनें उभे राहिले होते, तेहि आतां सोडून गेले. साठी गांठलेले बिशप १८७४ सालीं इंग्लंडास गेले आणि वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन ह्यांच्यापुढें सर्व पुरावा मांडला. परिणाम अगदींच फुकट गेला नाहीं. पाइन ह्यांना माघारीं बोलावलें, नाईकाला बेटावरून मुख्य भूमीवर आणलें. पण घरीं परत येऊं दिलें तें १८८७ सालीं, म्हणजे बिशप वारल्यानंतर.

कोलेन्सो इंग्रजी राज्याचे विरोधी नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे. इंग्रजी न्यायावर त्यांची श्रद्धा होती, कदाचित् जरा जास्तच होती. त्या न्यायाचे नियम काळ्या माणसालाहि लावा, एवढेंच त्यांचें मागणें. १८७९ च्या जानेवारींत इंग्रजांनीं झुलु राजा केच्वायो ह्याच्यावर स्वारी केली. २२ जानेवारीस इसान्ड्ल्वाना येथें झुलूंनीं इंग्रजी छावणी कापून काढली. मेलेल्यांत बिशपच्या कुटुंबाचे निकट स्नेही कर्नल डर्नफर्ड हेहि होते. नाताळांत सूडाची हांक उठली. मार्चमध्यें सरकारी आज्ञेनें प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. त्या दिवशीं कोलेन्सो ह्यांनीं व्यासपीठावरून मीखा संदेष्ट्याच्या, न्यायानें वागावें व दयेची आवड धरावी अशा अर्थाच्या वचनावर प्रवचन केलें, आणि श्रोत्यांना विचारलें कीं, झुलूंशीं आपण ह्यांतलें काय आचरलें? समोर बसलेल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं सुतक होतें. असें बोलावयास केवढें धैर्य लागलें असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

युद्ध जिंकून इंग्रजांनीं केच्वायोला केपमध्यें कैदेंत ठेविलें. त्याला बिशप जाऊन भेटले. सरकारी खलिते, वृत्तपत्रांतील बातम्या आणि झुलु साक्षीदारांच्या जबान्या शेजारीं शेजारीं छापून, सरकारचीं विधानें कोठें जुळत नाहींत तें दाखविण्याचें काम त्यांनीं एकुखान्येनीच्या छापखान्यांत अखेरपर्यंत चालविलें. हजारों पानें अशीं छापलीं गेलीं. केच्वायो १८८२ सालीं लंडनला गेला व १८८३ च्या आरंभीं तुटपुंज्या राज्यावर परत आला. त्याच वर्षीं २० जून रोजीं कोलेन्सो डर्बन येथें वारले. पीटरमॅरित्झबर्गच्या सेंट पीटर देवळांत वेदीसमोर त्यांचें दफन झालें. झुलु लोक त्यांना ‘सोबांटू’, म्हणजे लोकांचा बाप, असें म्हणत.

दुसऱ्या वर्षीं वणव्यांत त्यांचें घर ग्रंथसंग्रहासह जळून गेलें. थोरली कन्या हॅरिएट हिनें जळक्या जागेजवळच बिऱ्हाड केलें आणि वडिलांचें काम हातीं घेतलें. केच्वायोचा मुलगा दिनुझुलु ह्याच्यावर दोनदा खटले झाले. दोन्ही वेळां बचावाची तयारी तिनें केली. १८९० सालीं त्याला सेंट हेलिना बेटावर पाठविलें, तेव्हां त्याच्या सुटकेसाठीं तिनें इंग्लंडांत वर्षानुवर्षें खटपट केली. पुढें १९१० सालीं चर्चच्या मालमत्तेचा कायदा होऊन वडिलांनीं वसविलेल्या त्या जागेवरून तिला व तिच्या बहिणीला निघावें लागलें. ती १९३२ सालीं वारली. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या मुलांत मागेमा फुझे नांवाचा एक होता. त्यानें पुढें आपल्या लोकांचा इतिहास झुलु भाषेंत लिहिला. झुलु माणसानें झुलु भाषेंत लिहून छापलेला तो पहिला ग्रंथ. तो १९२२ सालीं पीटरमॅरित्झबर्ग येथें प्रसिद्ध झाला.